आपल्या तालुक्याचे जुने पेपर आणि फोटो कसे जमवायचे, कसे जपायचे

पहिलंच सांगतो, स्कॅनर विकत घ्यायला धावू नका. मी तेच केलं होतं. नगर जिल्ह्यातल्या नेवासा तालुक्यातले जुने फोटो आणि पेपर जमवायचं खूळ डोक्यात बसलं तेव्हा आधी स्कॅनर मागवला, मग हार्ड डिस्क मागवली, मग दोन महिने घरचेच अल्बम स्कॅन करत बसलो आणि त्या दोन महिन्यांत आमची थोरली आत्या गेली. तिच्या ट्रंकेतले अकरा फोटो माझ्याकडे एकदम झकास सहाशे डीपीआयला, म्हणजे इंचात सहाशे ठिपके इतके बारीक, आहेत, पण त्यातली निम्मी माणसं कोण हे सांगणारं घरात आता कोणी उरलं नाही. म्हणून या कामाचा क्रम मी आता उलटा धरतो. आधी म्हातारी माणसं गाठायची, मग फोटो, मग पेपर, आणि मशीन सगळ्यात शेवटी.

पेपर आणि फोटो दोन्ही का लागतात ते आधी सांगतो कारण बरेच जण एकाच गोष्टीमागे लागतात. आमच्याच तालुक्यातलं उदाहरण घ्या. तरवडी नावाचं गाव आहे, तिथून मुकुंदराव पाटलांनी 'दीनमित्र' हे साप्ताहिक चालवलं. १९१० ला सुरू केलं आणि १९६७ मध्ये ते गेले त्या वर्षापर्यंत चालवलं, सत्यशोधक चळवळीचं पत्र, तेही पुण्यामुंबईतून नाही तर खेड्यातून, खिळे म्हणजे शिशाचे अक्षरठसे हाताने जुळवून. आता असल्या खेड्यातल्या पेपरात तुम्हाला बातमी मिळेल, पत्रव्यवहार मिळेल, जाहिराती, वर्गणीदारांची नावं मिळतील, पण फोटो जवळपास नाहीतच. कारण फोटो छापायचा म्हणजे जस्ताचा ब्लॉक म्हणजे छपाईचा ठसा करून आणावा लागायचा, तो मोठ्या शहरात व्हायचा आणि महाग पडायचा. म्हणजे झालं काय, गावाकडची अक्षरं पेपरात राहिली आणि चेहरे लोकांच्या भिंतींवर राहिले. फोटोवर तारीख नसते आणि पेपरात चेहरा नसतो. दोघांची गाठ घालून द्यायची, एवढंच आपलं काम आहे खरं तर.

माणसांकडे जायचं कसं

गावात जाऊन "जुने कागद आहेत का" असं विचारू नका. आमच्याकडे जुने कागद म्हणजे जमिनीचे कागद. मी पहिल्यांदा असं विचारलं तर म्हातारबा उठून आतल्या खोलीला कडी लावून आले, त्यांना वाटलं भावकीतल्या कोणीतरी सातबारा काढायला पाठवलाय. फोटो विचारा, फोटोच म्हणा. आणि हात हलवत जाऊ नका, तुमच्या घरातला एखादा जुना ग्रुप फोटो बरोबर न्या, शाळेचा असेल तर फारच छान. तो समोर ठेवला की "थांब, आमच्याकडं पण हाय असला" म्हणून माणूस आपण होऊन उठतो.

बसल्यावर मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू करा, विचारून करा, आणि मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका नाहीतर नेमकं नाव सांगताना फोन येतो. मग बटर पेपरची युक्ती. फोटोवर बटर पेपर ठेवायचा आणि हलक्या हाताने, अजिबात न दाबता, प्रत्येक डोक्याचा गोल काढून त्यात नंबर टाकायचा. जास्तच नाजूक फोटो असेल तर फोटोच्या झेरॉक्सवर नंबर टाका, मूळ फोटोला हातच लावू नका. मग वहीत नंबरसमोर नाव. "डावीकडून तिसरा" वगैरे लिहीत बसलात तर दुसरी ओळ कुठे सुरू होते यावरच भांडण होतं, अनुभवाने सांगतोय.

नाव विचारताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, बायकांची दोन नावं विचारायची, माहेरचं आणि सासरचं. पेपरात आणि अभिनंदनपत्रात बाया "सौ. अमुक तमुक पाटील" एवढ्याच असतात, कधी तेवढ्याही नसतात, "सौभाग्यवतींनी ओवाळले" एवढंच. लग्नात नाव बदललेलं असायचं. त्यामुळे माहेरच्या गावात जो फोटो "आमची सोनी" म्हणून आहे तीच बाई सासरच्या गावातल्या फोटोत "लक्ष्मीकाकू" म्हणून आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही. आणि हे जोडून देणाऱ्या सहसा बायाच असतात. पुरुष मंडळी चेअरमन कोण, सरपंच कोण, कोण पुढारी आला होता ते सांगतात, मागच्या रांगेत उभी असलेली माणसं आणि पोरं ओळखतात त्या स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभ्या राहिलेल्या बाया. त्यांना बसायला सांगा. चहा दुसऱ्या कोणाला तरी टाकू दे.

एकाच माणसाचं ऐकून नाव पक्कं करू नका. दोन जणांनी वेगवेगळं एकच नाव सांगितलं तर पक्कं, एकानेच सांगितलं तर पुढे त्याचं नाव लिहून ठेवायचं, की हे अमक्याने सांगितलं, अमक्या तारखेला.

माझ्याकडे एक फोटो आला होता, ओळीने पंचवीस तीस माणसं बसलेली, हातात हातोड्या, मागे खडीचे ढीग, त्या घरातला नातू म्हणाला स्वातंत्र्याच्या वेळचं श्रमदान असेल. त्याच्या आजीने बघितलं आणि म्हणाली, श्रमदान कसलं, दुष्काळी काम आहे ते, त्या कोपऱ्यात पातेलं दिसतंय ना त्यात सुकडी वाटत होते. १९७२ चा दुष्काळ. ती सुकडी आणि मिलो, म्हणजे बाहेरून आणलेली ज्वारी, खाल्लेलं माणूस ते विसरत नाही. एका पातेल्यामुळे फोटो पंचवीस वर्ष पुढे सरकला.

फोटो हाताळताना

हात धुऊन, कोरडे करून, कडेला धरायचं. छापलेल्या बाजूला बोट लावायचं नाही. मागे काही लिहायचं असेल तर मऊ शिसपेन्सिल, टूबी किंवा त्याहून मऊ, तीही कडेला. बॉलपेन नाही, स्केचपेन तर नाहीच, ते दुसऱ्या बाजूला उमटतं आणि गठ्ठ्यातल्या खालच्या फोटोला पण लागतं.

फ्रेममधला फोटो काचेला चिकटलेला असेल तर ओढू नका. पावसाळ्यातली ओल बसून फोटोचा वरचा थर काचेला घट्ट धरतो, तुम्ही ओढला की चेहरा काचेवर राहतो आणि कागद हातात येतो. काचेसकट फोटो काढा, रिफ्लेक्शन येऊ नये म्हणून मोबाइलच्या मागे काळं कापड धरायला एकाला उभं करा. सुटा असेल तर मात्र फ्रेम मागून उघडून बघाच. कारण फ्रेमवाले पाठीला पुठ्ठ्याआड रद्दी पेपर भरायचे आणि तो रद्दी पेपर म्हणजेच कधी कधी खरा खजिना असतो. विठोबाच्या एका तसबिरीमागे मला एका साप्ताहिकाची चार पानं मिळाली, ज्याचा दुसरा अंक मला अजून कुठे दिसला नाही. हीच गोष्ट ट्रंकेच्या तळाला, फडताळात, कपाटाच्या फळीवर अंथरलेल्या कागदांची. माणूस फोटो काढून तुमच्या हातात देतो आणि अंथरलेला पेपर चुलीत टाकायला निघतो, तेव्हा त्याला थांबवायचं.

चिकट पानांचे ते प्लास्टिकचे अल्बम असतात ना, ऐंशीच्या दशकातले, लग्नाचे, त्यातून फोटो निघत नसेल तर दात साफ करायचा फ्लॉसचा दोरा फोटोच्या मागे घालून हळूहळू करवतीसारखा ओढायचा. नाही निघाला तर अल्बममध्येच असू दे, तिथेच स्कॅन करा. त्या काळातले कलर फोटो बरेचसे लाल लाल झालेत, ते उन्हाने नाही, रंगाचा निळसर थर आधी उडून जातो म्हणून. त्यामुळे काळ्यापांढऱ्या फोटोंपेक्षा हे कलर फोटो आधी स्कॅन करा, लोक उलटं करतात. काळेपांढरे नीट धुतलेले असले तर शंभर वर्षंसुद्धा टिकतात, कडांना चंदेरी झाक येते तेवढंच. निगेटिव्हच्या डबीला आंबट व्हिनेगरसारखा वास आला तर ती डबी बाकीच्यांपासून वेगळी काढा आणि त्यातलं काम सगळ्यात आधी उरका, ती फिल्म सडायला लागलेली असते.

तालुक्याच्या गावी जुना फोटो स्टुडिओ असेल तर मालकाला, नाहीतर त्याच्या मुलाला गाठा. काचेच्या प्लेटा, निगेटिव्हची पाकिटं, आणि मुख्य म्हणजे त्यांची रजिस्टरं. नंबर, नाव, गाव, ॲडव्हान्स किती, बाकी किती. एका स्टुडिओवाल्या काकांनी मला सांगितलं की वडलांच्या काचेच्या प्लेटा त्यांनी धुऊन तसबिरींना वापरल्या. मी काही बोललो नाही, काय बोलणार, त्यांचं पोट होतं त्यावर. पण रजिस्टर शाबूत होतं आणि त्यात एका बाजारादिवशी कुठल्या कुठल्या गावची माणसं येऊन फोटो काढून गेली ते ओळीने लिहिलेलं होतं. तेही फोटोइतकंच मोलाचं आहे, त्याची पानं पण काढून घ्या.

तारीख ओळखायच्या काही खुणा सांगतो, या मला फार कामाला आल्या. चौकोनी छोटा फोटो, कडेला पांढरी किनार, असा असेल तर बहुतेक बॉक्स कॅमेऱ्यातला किंवा आग्फा क्लिक थ्रीसारख्या साध्या कॅमेऱ्यातला, एकशेवीस नंबरच्या रोलवर बारा फोटो यायचे. निगेटिव्हच्या कडेला 'इंदू' दिसलं तर ती उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची, ती कंपनीच १९६० मध्ये निघाली, म्हणजे फोटो त्याआधीचा असूच शकत नाही. स्टुडिओच्या शिक्क्यात पिनकोड असेल तर १९७२ नंतरचा, कारण पिनकोड आले १५ ऑगस्ट १९७२ ला. मागच्या दुकानाच्या पाटीवर किंमत आण्यात असेल तर साधारण १९५७ च्या आधीचा, 'नये पैसे' असेल तर १९५७ ते १९६४ मधला. या किमतीच्या खुणा सुट्या पेपरच्या पानालाही चालतात, मथळा फाटलेला असला तरी जाहिरातीत आणे आहेत की नये पैसे ते बघायचं. 'मुंबई राज्य' लिहिलंय की 'महाराष्ट्र राज्य' तेही बघायचं, १ मे १९६० ची रेघ तिथे मिळते.

पेपर कुठे मिळतात

रद्दीवाल्यापासून सुरू करा असं सगळे सांगतात, मी म्हणतो वाचनालयापासून करा. नगरचं जिल्हा वाचनालय १८३८ चं आहे, तेव्हा मराठी वृत्तपत्रंच मुळात नवी होती, बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' १८३२ चं. 'ज्ञानोदय' तर १८४२ ला नगरमधूनच सुरू झालं, अमेरिकन मिशनचं, त्यात धर्मप्रचार भरपूर आहे पण गावाकडचे दुष्काळ, शाळा, रोगराई हेही येत राहतं. नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात कागदपत्रांचा साठा आहे. मोठ्या शहरात दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय, ही दोन्ही एकोणिसाव्या शतकातली, तिथे जुनी नियतकालिकं आहेत.

आणि एक जागा लोक विसरतात. इंग्रज सरकार देशी भाषांतल्या पेपरांवर डोळा ठेवून होतं, दर आठवड्याला कोण काय छापतंय याचा इंग्रजी गोषवारा काढून साहेबाकडे जायचा. ते रिपोर्ट मुंबईच्या राज्य अभिलेखागारात आहेत, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. तुमच्या तालुक्यातल्या पेपरचा एकही अंक उरला नसेल तरी त्यात काय छापून आलं होतं याच्या चार ओळी तिथे सापडू शकतात. ज्याने पेपरवर पाळत ठेवली त्यानेच तो जपला, असली गंमत. फक्त वाचताना लक्षात ठेवा की तो गोषवारा सरकारी माणसाने केलेला आहे, संपादक चिडून काय म्हणाला त्यातलं सरकारला जेवढं टोचलं तेवढंच त्यात आलंय.

गावात म्हणाल तर जुने मास्तर, डॉक्टर, वकील, आडतवाले, सोसायटीचे सेक्रेटरी यांची घरं. प्रेसवाले तर नक्कीच, ट्रेडल म्हणजे पायाने चालवायचं छपाईचं मशीन भंगारात गेलं असलं तरी माळ्यावर त्यांनी स्वतःसाठी ठेवलेली फाइल कॉपी असते. जुना जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारा, कोणी हयात असेल तर त्याला भेटाच, कुठला पेपर कुठे छापला जायचा, कुठल्या निवडणुकीत रातोरात पत्रकं निघाली हे त्याला तोंडपाठ असतं. सहकारी साखर कारखान्यांचे वार्षिक अहवाल पण सोडू नका, आमच्या जिल्ह्यात प्रवरानगरला १९५० पासून हा सगळा कारभार सुरू झाला, या अहवालांत ब्लॉक करून छापलेले फोटो असतात, संचालक मंडळ खुर्च्यांवर बसलेलं, आणि खाली नावं छापलेली! नावं असलेला ग्रुप फोटो म्हणजे किल्लीच, त्यातला एक चेहरा ओळखीचा झाला की घरोघरच्या दहा फोटोंत तो सापडतो.

पेपर जपणं

पेपरचा कागद स्वस्त लाकडाच्या लगद्याचा, त्यात आम्ल असतं, त्यामुळे तो आतूनच पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. गंमत म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा चिंध्यांच्या लगद्याचा कागद अजून मऊ असतो आणि १९४० चा पापडासारखा मोडतो. त्यामुळे जुना तो आधी असं धरू नका, जो मोडतोय तो आधी.

सेलोटेप लावू नका. लॅमिनेशन करू नका, म्हणजे अजिबात नाही, कितीही चांगलं दिसलं तरी. एका वाचनालयात मी बघितलं, पन्नास अंक लॅमिनेट करून ठेवलेले, आत कागद तपकिरी होत चाललाय आणि आता तो बाहेर काढायची सोय नाही. फाटलेले तुकडे तसेच एका पाकिटात ठेवा, पाकिटावर कुठल्या अंकाचे ते लिहा, झालं.

बांधायला लाल कापड वापरायची आपल्याकडे रीत आहे, पोथीला असतं ना बासन, दफ्तरातले रुमाल. पण ओल लागली की लाल रंग सुटतो आणि पानांना लागतो. त्यापेक्षा साधं बिनरंगाचं मांजरपाट घ्या, दोनदा धुऊन त्यातली खळ पूर्ण काढा, खळीला झुरळं आणि कसर येते, वाळवून मग त्यात गठ्ठा बांधा, गाठ सैल. अंक आडवे झोपवून ठेवायचे, घडी उलगडता येत असेल तर उलगडून. जमिनीपासून वीतभर वर, भिंतीला न टेकवता, कारण वाळवी भिंतीतूनच येते. डांबराच्या गोळ्या फोटोंजवळ नकोत, आणि बंद खोलीत माणसालाही त्या बऱ्या नाहीत. कडुनिंबाचा पाला, वेखंड, लवंग हे आजीचे उपाय वासापुरते ठीक, पण पाला कागदाला लागू देऊ नका, डाग पडतो. खरा उपाय दोन महिन्यांतून एकदा गठ्ठा उघडून बघणं हाच. पावसाळा संपला की गठ्ठे सोडून सावलीत वारा द्यायचा, उन्हात नाही.

भिजलेला गठ्ठा मिळाला तर घाई करून पानं सोडवू नका. खाली वर कोरे कागद घालून, पंख्याखाली, कोरे कागद बदलत राहायचं. दोन दिवस जातात. हेअर ड्रायर लावणाऱ्याला बाहेर काढा.

आता मशीन

मोबाइल पुरतो. पेपरचं पान स्कॅनरवर मावत नाहीच, तुकडे करून जोडत बसण्यापेक्षा वरून फोटो काढा. ढगाळ दिवस किंवा खिडकीजवळची सावली, फ्लॅश बंद. पानामागे काळा कागद किंवा काळं कापड ठेवा, नाहीतर मागच्या पानाची अक्षरं आरपार दिसतात. मोबाइल पानाला समांतर पाहिजे, कॅमेऱ्याची ग्रिड चालू करा, चार पुस्तकांचे थर आणि वर काच असा स्टँड घरी होतो. आधी पूर्ण पान, मग वरचा अर्धा, खालचा अर्धा. एका बाजूला पट्टी ठेवा म्हणजे आकार कळतो. आणि हो, मथळ्याची पट्टी आणि शेवटच्या पानावरची तळाची ओळ कधीच कापू नका. मुद्रक अमुक, प्रकाशक अमुक, अमुक प्रेस, ती ओळ १८६७ च्या कायद्यामुळे छापावी लागायची, आणि पेपर कोणाचा, कुठे छापला हे तिथेच कळतं.

फोटोंना स्कॅनर चांगला. छोट्या फोटोला सहाशे डीपीआय, मोठ्याला चारशे पुरे. जमलं तर टिफ, म्हणजे चित्राचा तपशील न गमावणारी फाइल, ठेवा, नाहीतर चांगल्या क्वालिटीचा जेपेग. मागची बाजू पण स्कॅन करायची, कोरी असली तरी, शिक्का फिका असतो तो नंतर दिसतो. मूळ स्कॅन तसाच ठेवा. चेहरा उजळ करणं, डाग काढणं, आजकाल एआयने रंग भरणं, जे काय करायचं ते दुसऱ्या कॉपीवर आणि तिच्या नावात तसं लिहून. एका फोटोत ॲपने आजोबांच्या मिशा बदलल्या होत्या आणि फेटा निळा केला होता, आणि तोच फोटो आता घराघरात हार घालून लागलाय.

फाइलला नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग पान नंबर, म्हणजे आपोआप ओळीत लागतात. फाइलचं नाव रोमन अक्षरांत ठेवा, देवनागरी नावं एका मशीनवरून दुसऱ्यावर जाताना कधी कधी चौकोन होऊन बसतात, बाकी सगळी माहिती मराठीत एक्सेल शीटमध्ये. त्यात कोणाकडून आलं, कोणी काय सांगितलं, परवानगी काय दिली. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून मागवू नका, तो आकाराने मार खातो, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. आणि तीन ठिकाणी कॉपी, त्यातली एक दुसऱ्या गावात. पेनड्राइव्ह म्हणजे कॉपी नव्हे.

तारखा आणि शोधाशोध

जुन्या पेपरात तारीख शके आणि तिथीत असते. शकात ७८ मिळवले की इसवी सन, म्हणजे शके १८५४ म्हणजे १९३२, पण पौषात जानेवारी लागला की फाल्गुनापर्यंत ७९ मिळवायचे. इथे सगळ्यात जास्त चुका होतात. साप्ताहिकात "गेल्या मंगळवारी" असतं, तो मंगळवार अंकाच्या तारखेवरून मोजायचा, आणि खेड्यातून पत्र पोस्टाने जायचं त्यामुळे बातमीदाराचा मंगळवार अजून आठवडाभर मागचाही असू शकतो.

गूगल लेन्स किंवा टेसरॅक्ट या मोफत प्रोग्रॅमने पानाचा मजकूर काढता येतो, जुन्या खिळ्यांचं छापलेलं असलं की अ, झ, ण या अक्षरांवर गडबड करतं, तरी शोधायला पुरतं. पण शोधताना जुनं शुद्धलेखन लक्षात घ्या. १९६२ च्या नियमांआधी "नाहीं, कांहीं, गांव, त्यांत" असं अनुस्वार देऊन लिहायचे. तुम्ही "गाव" टाकलंत तर "गांव" सापडणार नाही. मी दोन महिने म्हणत होतो की आमच्या गावाचं नावच पेपरात नाही!

गावांची नावंही बदलतात, तालुके बदलतात. आजचा राहाता तालुका अलीकडचा, जुन्या बातम्या कोपरगावाखाली बघायच्या. श्रीरामपूर शोधायचं तर "बेलापूर रोड" टाका, रेल्वे स्टेशन अजून बेलापूर नावानेच आहे. जिल्हा आता अहिल्यानगर झाला, जुन्यात अहमदनगर. १८८४ च्या गॅझेटियरमधली, म्हणजे इंग्रजांच्या जिल्ह्याच्या माहितीग्रंथातली, आणि जनगणनेच्या पुस्तिकांमधली गावांची यादी प्रिंट काढून भिंतीला लावा.

काही गावं तर जागेवरच नाहीत. जायकवाडीची पायाभरणी १९६५ ला, धरण झालं १९७६ ला, नाथसागराच्या म्हणजे त्याच धरणाच्या पाण्याच्या फुगवट्यात नेवासा शेवगावकडची गावं उठली. अशा गावांचे फोटो मिळाले तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ते करा, कारण वेस कुठे होती, मारुतीचं तोंड कुणीकडे होतं हे सांगणारा पुरावा दुसरा कुठे नाही. फोटो घेऊन नव्या गावठाणातल्या पारावर बसा. पाच माणसं जमतात, मग काठीने मातीत गल्ली काढून दाखवतात, त्या मातीतल्या नकाशाचा पण फोटो काढा.

टाकायचं काय आणि ठेवायचं काय

कायद्याने निनावी बातम्या आणि निनावी छापलेले फोटो यांचा कॉपीराइट प्रसिद्धीपासून ६० वर्षांनी संपतो, नाव असलेल्या लेखाला लेखक गेल्यानंतरची आणि नाव असलेल्या फोटोला फोटोग्राफर गेल्यानंतरची ६० वर्षं मोजायची. पैसे देऊन स्टुडिओत काढून घेतलेल्या फोटोचा हक्क सहसा ज्याने काढून घेतला त्याचा. पण घरातल्या फोटोंना हा हिशोब सोडा, घरच्यांना विचारा आणि वहीत सही घ्या. फोटो घरी नेऊ नका, त्यांच्या अंगणातच काढून परत द्या. एकदा फोटो हरवला की पुढची दहा घरं बंद होतात.

आणि सगळं नेटवर टाकायचं नसतं. अंत्ययात्रेआधी गेलेल्या माणसाला बसवून काढलेले फोटो असतात, जप्तीच्या आणि लिलावाच्या नोटिसा असतात, जातीवरून काहीबाही लिहिलेलं असतं, कोणाची तरी काडीमोड असते. त्या घरची नातवंडं गावातच राहतात. हे जपायचं, स्कॅन करायचं, पण शीटमध्ये "बाहेर नाही" असा शेरा मारायचा. जातीय अपमानाचा मजकूर लपवा असं मी म्हणत नाही, तो अभ्यासाला लागतोच, पण ज्या वाडीवर तो लिहिलाय तिथल्या माणसांना विचारल्याशिवाय बातमीचं कात्रण फॉरवर्ड करत सुटू नका.

जे टाकायचं ते इंटरनेट अर्काइव्हवर किंवा विकिमीडिया कॉमन्सवर टाका, मजकूर टाइप केला असेल आणि कॉपीराइट संपला असेल तर मराठी विकिस्रोत आहे. फेसबुकवर टाका लोकांना दाखवायला, नावं तिथेच पटापट मिळतात, पण ती रात्री बसून शीटमध्ये उतरवून घ्या, कमेंट पुढे सापडत नाही. माझ्या खडीच्या फोटोतली एकोणीस नावं अशी मिळाली. बटर पेपरवरचे सात नंबर, बारा नंबर, आणि कडेला उभ्या असलेल्या दोन पोरी यांच्यासमोर अजून नावं नाहीत, कोणी घोडेगाव कुकाण्याकडचं असेल तर आजीला विचारून बघा.